यंत्रही कळावं, माणूसही कळावा

आमच्या अम्मींच्या कानाचं यंत्र सात महिने कपाटात पडून होतं. इंदापूरच्या घरी, औषधांच्या डब्याशेजारी, आलं तसं खोक्यात. आम्ही भावंडांनी पैसे गोळा करून ते घेतलं होतं. दुकानात कानात बसवून दिलं, बटण दाखवलं, पावती हातात ठेवली आणि दहा मिनिटांत आम्ही बाहेर. दुसऱ्या दिवशी अम्मींनी ते काढून ठेवलं. "भांडं पडलं की डोक्यात हातोडा बसतो, आणि तुम्ही काय बोलता ते तर अजून कळत नाहीच," त्या म्हणाल्या. आम्हाला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. एवढे पैसे घातले आणि या वापरत नाहीत, म्हणून घरात दोनदा वादही झाला.

शेवटी एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून त्यांना पुण्याच्या एका रुग्णालयात नेलं. तिथं शिकाऊ म्हणून काम करणारी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती. तिनं आधी कानाचं काही विचारलंच नाही. विचारलं ते असं: "दादी, दिवसभर घरात कोण असतं? कुणाचा आवाज नीट यावा असं वाटतं?" अम्मी म्हणाल्या, फजरची अजान आणि नातवाचा फोन. मग त्या मुलीनं त्यांना बंद खोलीत बसवून तपासणी केली, कागदावरचा आलेख आमच्यासमोर ठेवला आणि समजावलं. वय झालं की बहुतेक वेळा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. 'आ', 'ओ' ऐकू येतात, पण 'स', 'फ', 'त', 'क' हरवतात. म्हणून माणूस म्हणतो, ऐकू येतं पण समजत नाही. अशा कानाला सगळेच आवाज सरसकट मोठे करून दिले तर भांडं पडल्यावर हातोडाच बसणार. तिनं यंत्र संगणकाला जोडून हव्या त्या पट्ट्या वाढवल्या, नको त्या उतरवल्या. कानात बसणारा भाग सैल होता, तो बदलला. आणि सांगितलं, पहिले आठ दिवस फक्त दोन तास, तेही घर शांत असताना. मग हळूहळू वाढवायचं. दोन महिन्यांत तीन वेळा बोलावलं. प्रत्येक वेळी आधी अम्मींचं ऐकून घेतलं, मग संगणकाकडे वळली.

आज ते यंत्र सकाळी उठल्यापासून अम्मींच्या कानात असतं. यंत्र तेच आहे, बदललेलं नाही.

परत येताना गाडीत अम्मींनी विचारलं, "ही पोरगी शिकली काय?" आम्हाला कुणालाच नीट सांगता येईना. घरात दोन शिक्षक, एक इंजिनिअर, आणि तरी या शिक्षणाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच वेळी आमची एक भाची बारामतीत 'नीट' दुसऱ्यांदा देऊन घरी बसली होती. एमबीबीएसला गुण पुरणार नव्हते. घरात सुतक असल्यासारखी शांतता होती आणि तिसऱ्यांदा क्लास लावावा की तिचं लग्न बघावं, यावर चर्चा चालू होती. हा लेख त्या गाडीतल्या प्रश्नातून निघाला आहे.

दोनच खाने

आपल्याकडे मुलाचं पुढं काय, हे ठरवताना दोन खाने असतात. मूल अबोल असेल, कोपऱ्यात बसून मोबाईल उघडत-जोडत असेल तर 'टेक्निकल लाइन'. बोलकं असेल, पाहुण्यांत रमत असेल तर दुकानावर, नाहीतर कॉमर्सला. मुलगी बोलकी असेल तर डीएड-बीएड. ज्याला दोन्ही जमतं, त्याचं काय करायचं हे कुणाला सुचत नाही. मग त्याचा एक हात आपणच बांधून ठेवतो. असा मुलगा कारखान्यात मशीनसमोर उभा राहून कंटाळतो, नाहीतर गल्ल्यावर बसून मन मारतो.

आणि गंमत अशी, की आपल्या जुन्या धंद्यांत असे दोन खाने कधी नव्हतेच. मणियार घरातली बाई हात नुसता हातात घेऊन ओळखते, दोन-चारची बांगडी बसेल की दोन-सहाची. पण ती काच न फोडता चढवते कशी? हाडाच्या ठिकाणी अंगठ्यानं नेमका दाब देत असतानाच समोरच्या पोरीशी तिच्या माहेराच्या गप्पा मारते, हात सैल पडतो आणि बांगडी सरकते. बागवान फळाला नुसतं बोट लावून सांगतो, आज खाण्यासारखं आहे की परवा. आणि गिऱ्हाईक आजारी माणसासाठी घेतंय की पाहुण्यांसाठी, हेही विचारून घेतो. गॅरेजवाले चाचा इंजिनाचा आवाज ऐकतात तसाच गाडीवाल्याचाही ऐकतात. गाडी 'मधेच दम खाते' म्हणजे कार्बोरेटर की क्लच, हे त्याच्या बोलण्यातून काढावं लागतं. या लोकांना कुणी 'संवाद-कौशल्य' शिकवलं नाही. ते घरात होतं. आपण मुलांना शिकवायला निघालो आणि ते घरातच विसरून आलो.

ते विसरणं आता महाग पडेल असं आम्हाला वाटतं. नुसतं यंत्र चालवण्याचं काम यंत्रच करू लागलंय, हे बारामतीच्या एमआयडीसीत जाणाऱ्या कुणालाही विचारा. नुसतं गोड बोलण्यावर तरी किती दिवस निभावणार? उरतं ते मधलं काम: यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये उभं राहण्याचं.

एका नवाबाच्या नावाची संस्था

त्या मुलीच्या शिक्षणाचं नाव आम्ही नंतर शोधून काढलं. श्रवण आणि वाचा यांची पदवी, कागदोपत्री 'बीएएसएलपी'. बारावी विज्ञाननंतर चार वर्षं, त्यात शेवटचं वर्ष रुग्णांमध्ये प्रत्यक्ष कामाचं. या विषयाची देशातली मोठी सरकारी संस्था मुंबईत वांद्र्याला आहे, 1983 सालापासून. तिचं नाव वाचून आम्ही थबकलो: अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. अली यावर जंग म्हणजे हैदराबादचे, उस्मानिया आणि अलीगढ विद्यापीठांचे कुलगुरू राहिलेले, अमेरिकेत भारताचे राजदूत असलेले आणि 1971 पासून 1976 मध्ये इंतकाल होईपर्यंत महाराष्ट्राचे राज्यपाल. आपल्यातल्याच एका मोठ्या माणसाचं नाव लावलेली संस्था मुंबईत इतकी वर्षं उभी आहे, आणि आपल्या घरांत तिचा पत्ता नाही. मुंबईत नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात हा अभ्यास 1966 पासून शिकवतात. पुण्यात भारती विद्यापीठात तो आहे.

यात काय काम असतं? म्हाताऱ्यांचे कान हा एक भाग झाला. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाच्या कानात शस्त्रक्रिया करून कॉक्लिअर इम्प्लांट बसवतात, त्या यंत्राची जुळणी करायला हेच तज्ज्ञ लागतात. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. त्या बाळाला आवाज म्हणजे काय हेच माहीत नसतं. महिनोन् महिने त्याला ऐकायला आणि बोलायला शिकवावं लागतं, आणि त्याहून अवघड म्हणजे त्याच्या आईला घरी काय करायचं ते शिकवावं लागतं. अडखळत बोलणारी मुलं असतात. पक्षाघातानं वाचा गेलेली माणसं असतात.

इथं आमच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. वाचा गेलेल्या माणसाला बोलतं करायचं तर त्याच्या घरच्या भाषेत करावं लागतं. इंदापूर-बारामतीच्या आपल्या घरांत आपसात दखनी, शेजाऱ्यांशी मराठी, टीव्हीवर हिंदी आणि मदरशात अरबी अक्षरं. आपली मुलं या चार भाषांच्या खिचडीची लाज बाळगतात. मुलाखतीला जाताना आधीच दबून जातात, 'आपली मराठी शुद्ध नाही' म्हणून. पण "सुनने आता, समज में नै आता" हे अम्मींचं वाक्य त्या मुलीला पहिल्या झटक्यात कळलं, ते तिच्या घरातही तसंच बोलतात म्हणून. दुकानातल्या माणसाला ते कळलं नव्हतं, आणि अम्मींनी त्याला ते सांगितलंही नव्हतं.

कलामसाहेब आणि तीनशे ग्रॅम

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात साखरेची यंत्रसामग्री बनते हे सगळ्यांना ठाऊक. इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची पोलादी आवरणंही तिथं बनतात, हे आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच पोरांना ठाऊक नसतं. अग्निबाण म्हटलं की डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आठवतात. एसएलव्ही-3 या प्रक्षेपकाचे ते प्रकल्प-संचालक. 1979 च्या ऑगस्टमधलं पहिलं उड्डाण फसलं, 1980 च्या जुलैमधलं यशस्वी झालं. मुलांना आपण त्यांचं एवढंच सांगतो: गरिबीतून वर आले, रॉकेट उडवलं, राष्ट्रपती झाले.

त्यांची दुसरी एक गोष्ट ते स्वतः भाषणांत अनेकदा सांगत, ती आम्हाला जास्त मोलाची वाटते. हैदराबादला क्षेपणास्त्रांचं काम चालू असताना निझाम वैद्यकीय संस्थेतले एक अस्थिरोगतज्ज्ञ त्यांच्या प्रयोगशाळेत आले. 'अग्नी'साठी तयार केलेला एक हलका पदार्थ त्यांनी हातात उचलून पाहिला आणि कलामसाहेबांना थेट आपल्या रुग्णालयात नेलं. तिथं लहान मुलं पायाला तीन किलोहून जास्त वजनाची लोखंडी कॅलिपर बांधून पाय ओढत चालत होती. तीन आठवड्यांत त्या हलक्या पदार्थाची तीनशे ग्रॅमची कॅलिपर तयार झाली. मुलं धावायला लागली, आईबाप रडायला लागले.

क्षेपणास्त्राचा माणूस रुग्णालयाच्या वॉर्डात गेला, पोरांच्या पायाकडे पाहिलं, म्हणून हे झालं. प्रयोगशाळेतच बसून राहिला असता तर तो पदार्थ आणि ती मुलं एकाच शहरात राहूनही भेटली नसती.

ही कॅलिपर, कृत्रिम पाय, पाठीचे पट्टे बनवण्याचंही रीतसर शिक्षण आहे. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथं ते मिळतं. आपण सगळे हाजी अलीला जाऊन आलोय. त्या इमारतीकडे आमचं तरी कधी लक्ष गेलं नव्हतं. या कामात मुलाचा हात सुताराचा आणि लोहाराचा लागतो, मोजमाप पक्कं लागतं. आणि अपघातात पाय गमावलेला तरुण समोर बसलेला असतो, जो अजून स्वतःच्या पायाकडे बघत नाही. त्याच्याशी काय बोलायचं, हे मोजपट्टीत नसतं. शिकलगार, सुतारकाम करणारी, वेल्डिंगची आपली कितीतरी घरं आहेत. त्यांच्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं.

मुलींच्या बाबतीत एक अडचण घरोघरी निघते: बाहेरच्या माणसांत मिसळायचं काम नको. आम्ही वाद घालत नाही, एकच आठवण देतो. खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताची शीर तुटली, तेव्हा त्यांना मस्जिदे-नबवीतल्या एका तंबूत ठेवलं गेलं. तो तंबू हजरत रुफैदा (रजि.) यांचा होता. त्या जखमींवर उपचार करत. आणि व्यवहाराची बाजू अशी की आपल्याच घरातल्या बायका पुरुष फिजिओथेरपिस्टपुढे कंबर, गुडघा दाखवायला संकोचतात आणि वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढतात. त्यांच्यासाठी कुणाची तरी मुलगी शिकायला हवीच ना? ती शेजाऱ्याची असावी, आपली नको, असं म्हणून कसं चालेल?

उसाच्या फडातला संगणक

सगळ्यांनाच दवाखान्याची आवड नसते. शेताकडे वळू.

बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. शेतात जमिनीचा ओलावा मोजणारे संवेदक, हवामान केंद्र, वरून उपग्रहाचं चित्र. या सगळ्याचा हिशेब लावून शेतकऱ्याच्या मोबाईलवर निरोप येतो: पाणी द्या, देऊ नका, अमुक भागात कीड दिसते. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी 2025 च्या जानेवारीत जगासमोर या प्रयोगाचं उदाहरण दिलं, तेव्हा आपल्याकडे सगळ्यांच्या फोनवर तो व्हिडिओ फिरत होता.

व्हिडिओत संवेदक दिसतो. आम्ही विचार करत होतो तो त्या निरोपाचा. नीरा डावा कालवा 1885 सालचा. त्या पाण्यावर तीन-चार पिढ्या ऊस पिकला. ज्याच्या आजोबांनी पाटाचं पाणी बांधावरून वाहीपर्यंत सोडलं, त्याला मोबाईल सांगतो की आज पाणी देऊ नका. तो का ऐकेल? त्याच्या लेखी हा सल्ला म्हणजे त्याच्या वडिलांच्या शहाणपणावर शंका आहे. तिथं कुणीतरी बांधावर जाऊन बसावं लागतं. चहा प्यावा लागतो. एका सरीत पाणी कमी देऊन, दुसरीत नेहमीसारखं देऊन, दोन्हीकडची माती मुठीत दाबून दाखवावी लागते. संवेदक बंद पडला तर तो दुरुस्तही करावा लागतो, आणि तोही लगेच, कारण एकदा खोटा निरोप गेला की त्या शेतकऱ्याचा विश्वास पुन्हा मिळवायला एक हंगाम जातो. यंत्र परदेशातून येतं. बांधावर बसणारा माणूस मात्र बारामती-इंदापूरचाच लागतो.

या वाटेला जायला कृषी पदविका आहे, पदवी आहे. आणि दहावीनंतर आयटीआय आहे, पॉलिटेक्निक आहे. आयटीआयचं नाव काढलं की आपल्या लोकांचे चेहरे पडतात, ते आम्हाला पटत नाही. इलेक्ट्रिशियन झालेला मुलगा सौर पंप बसवायला शिकला तर त्याला प्रत्येक वस्तीवर काम आहे. पंप बसवून झाल्यावर ढगाळ दिवशी पाणी कमी का येतं, हे घरातल्या बाईला समजेल असं सांगणाऱ्या मुलालाच शेजारच्या वस्तीवरून बोलावणं येतं. आपे रिक्षा बारामतीत बनतात, आणि आता त्या विजेवरही धावतात. आयुष्यभर डिझेलवर चाललेल्या रिक्षावाल्याला बॅटरी कधी चार्ज करायची, किती उतरू द्यायची नाही, हे समजावणारा मेकॅनिक लागेल. आयटीआयनंतर पॉलिटेक्निक आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही उघडी असते, म्हणजे तिथं गाडी थांबते असंही नाही.

भिगवणचं उदाहरण तर सगळ्यांत गोड. उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणारी कुंभारगावची माणसं आज हिवाळ्यात पर्यटकांना रोहित पक्षी दाखवतात. पक्षी लांबून ओळखणं, तो उडू नये अशा बेतानं होडी नेणं, फोटोवाल्याला उजेड पाठीशी येईल अशी वळवणं. आणि हे करताना शहरातून आलेल्या पोरांना गोष्टीही सांगणं. होडी त्यांना येतच होती. माणसं सांभाळायला ती शिकली आणि त्याच पाण्यातून दुसरी रोजी निघाली.

मूल कसं ओळखावं

कल चाचणी वगैरे ठीक आहे, पण आम्ही घरच्या घरी करायची एक चाचणी सांगतो. दादी-नानीला मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावायला शिकवण्याचं काम मुलावर सोपवा. आणि बाजूला बसून पाहा. बहुतेक मुलं फोन त्यांच्या हातातून ओढून घेतात, पटापट बटणं दाबतात आणि "हे बघ, झालं" म्हणून परत देतात. दादीला काही कळलेलं नसतं. एखादं मूल मात्र फोन दादीच्याच हातात राहू देतं. तिचं बोट धरून दाखवतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतं, "काल दाखवलं ते आज करून दाखव." हिरवं बटण तिला दिसत नसेल तर ते मोठं करून देतं. असं मूल आपल्या घरात असेल तर आपण नशीबवान आहोत, मग त्याला गणितात साठ गुण असोत की नव्वद.

उलट बाजूही तपासावी. नुसतं बोलकं मूल या कामाचं नाही. बंद पडलेला मिक्सर त्यानं उघडला, तर परत जोडेपर्यंत बसतं का? स्क्रू उरतो तेव्हा अस्वस्थ होतं का? की "अब्बा, नवीनच घेऊ" म्हणून उठतं? ज्याला उरलेला स्क्रू रात्री आठवतो, त्याच्या हाती लोकांचे कान, डोळे आणि पंप द्यायला हरकत नाही.

आणि ज्याला यातलं एकच येतं त्याचं काय? दोन्हीपैकी बोलणं शिकवणं सोपं आहे, असा आमचा अनुभव. अबोल मुलाला रोज अर्धा तास दुकानावर, दवाखान्याच्या रांगेत, मस्जिदच्या कमिटीच्या कामात म्हाताऱ्या माणसांबरोबर ठेवा. निराधार योजनेच्या हयातीच्या दाखल्यासाठी मोहल्ल्यातल्या दोन बायकांना तहसीलमध्ये घेऊन जाऊ द्या. साहेबाशी बोलणं आणि खालाशी बोलणं, दोन्ही एका दिवसात शिकून येईल.

कागदपत्रं आणि पैसा

आता थोडं रुक्ष. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, श्रवण-वाचा आणि कृत्रिम अवयव या पदव्यांचे प्रवेश 'नीट'च्याच गुणांवर होत आलेत. म्हणजे एमबीबीएस हुकलं तरी तेच गुण इथं चालतात. ती दोन वर्षं वाया गेलेली नसतात. नियम दरवर्षी थोडे बदलतात, राष्ट्रीय संस्थांची पद्धत वेगळी असते, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचावं. क्लासवाल्याच्या तोंडून ऐकू नये. त्याला तिसऱ्या वर्षाची फी हवी असते.

बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा बिरादरींची नावं राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. तरीही प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात दाखल्यासाठी धावणारी कितीतरी कुटुंबं दिसतात. दहावीतच जातीचा दाखला काढावा आणि पुढं वैधता प्रमाणपत्र. 2024 पासून राज्यानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ केलंय. अल्पसंख्याकांची राज्य शिष्यवृत्ती 'महाडीबीटी'वर भरता येते. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. त्यावर व्याज असतं, तेव्हा ज्यांना तो प्रश्न आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारून ठरवावं आणि आधी शिष्यवृत्तीचे दरवाजे ठोठवावेत.

एक सावधगिरी मात्र कळकळीनं. आरोग्यक्षेत्राची मागणी पाहून दुकानांच्या वरच्या मजल्यांवर सहा महिन्यांचे 'डिप्लोमा' निघालेत. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं अशा ठिकाणी मुलीचे पैसे भरले. हाती आलेला कागद कुठल्याही रुग्णालयानं घेतला नाही. श्रवण-वाचा आणि कृत्रिम अवयव या कामांसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आणि नंतर तिथं नोंदणी लागते. नोंदणीशिवाय हे काम करणं 1992 च्या कायद्यानं गुन्हा आहे. फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव आहे का, हे एकदा पाहायला पाच मिनिटं लागतात.

आणि हेही सांगून ठेवतो की सुरुवातीचा पगार पाहून निराशा होऊ शकते. पहिली दोन-तीन वर्षं शहरात कुणाच्या तरी हाताखाली घालवावी लागतात. इंजिनिअर झालेला चुलतभाऊ तोवर दुप्पट कमावत असतो, आणि लग्नात ते सगळे मोजतात. पण हे काम माणसाच्या नावावर वाढतं. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापूर, भिगवण, वालचंदनगरकडची माणसं उपचाराला इकडे येतात. जो मुलगा किंवा मुलगी परत गावाकडे येईल, त्याला पाटी लावल्यावर वाट पाहावी लागणार नाही, असं आम्हाला तरी वाटतं.

भाचीचं सांगायचं राहिलं. तिसऱ्यांदा क्लास लावायचा नाही, हे तिनंच ठरवलं. अम्मींबरोबर पुण्याला ती दोनदा आली होती, त्या शिकाऊ मुलीशेजारी स्टूल ओढून बसली होती. आता ती श्रवण-वाचेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे अब्बा अजूनही पाहुण्यांना "मेडिकललाच आहे" एवढंच सांगतात. पुढचं नाव त्यांच्या जिभेवर बसत नाही.

गेल्या रमजान ईदला ती इंदापूरला आली होती. शीरखुर्मा संपायच्या आत मोहल्ल्यातल्या तीन बायका दारात हजर. एकीनं पदराच्या गाठीतून यंत्र काढलं, दुसरीनं बटव्यातून, तिसरीनं चक्क सुपारीच्या डबीतून. अम्मींनीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं. भाचीनं एकेक यंत्र हातात घेतलं, कोरड्या ब्रशनं मळ काढला, एकीचा सेल उलटा होता तो सरळ घातला. तिसरीचं यंत्र नुसतंच शिट्टी मारत होतं. ते तिनं परत डबीत ठेवलं आणि म्हणाली, "खाला, याची जुळणी माझ्या बाईंनाच करावी लागेल, मला अजून परवानगी नाही. पण आधी सांगा, तुम्हाला कुणाचा आवाज ऐकायचाय?"

खालांनी पदर सावरला आणि भिंतीला टेकून बसल्या. पाऊण तास झाला तरी त्या बोलतच होत्या.